माझ्यामागून म्हणा

मीरा रोडला, पूनम सागरच्या रस्त्यावर, शेअर रिक्षा जिथे उभ्या राहतात तिथून थोडं पुढे, त्यांचं औषधांचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मागच्या महिन्यात ते वारल्याचं कळलं, तेव्हा मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले. काउंटरच्या जागी काचेचं कपाट होतं आणि वजनकाटा असायचा त्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याची उलटी बाटली. मी थोडा वेळ उभी राहिले. एका मुलीने विचारलं, "आंटी, कौनसा मॉडेल?" मी मान हलवली आणि निघाले. घरी आल्यावर वाटलं, या माणसाबद्दल नीट, सावकाश लिहायला हवं.

ते कुणालाही नावाने हाक मारत नसत. माझे वडील निवृत्त शिक्षक म्हणून 'गुरुजी', आई 'वहिनी', मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची म्हणून 'लायब्ररी'. आमच्या शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ कायम गॅलरीत उभे असत, ते 'गॅलरीवाले'. आजार मात्र ते खणखणीत आवाजात विचारत. शौचाला कसं होतंय, रंग कसा आहे, ढेकर आंबट की नुसता, हे सगळं रस्त्यापलीकडच्या टेलरला ऐकू जाईल अशा बेताने. नव्याने येणारी माणसं लाजून अर्धमेली व्हायची. एकदा माझ्या आईने त्यांना त्यावरून टोकलं, तर म्हणाले, "वहिनी, आजार सगळ्यांचा असतो, नाव एकट्याचं असतं. म्हणून आजार मोठ्याने, नाव हळू."

यात तथ्य होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दुकानात उभं राहून कुणाच्या पोटात काय चाललंय हे सगळ्या रस्त्याला कळायचं, आणि कोण कुणाचा कोण हे कुणालाच कळायचं नाही, इतकं खरं.

दुसरी खोड म्हणजे औषध हातात द्यायच्या आधी ते गिऱ्हाइकाकडून पाठ करून घेत. पिशवी स्वतःच्या पोटाशी धरून ठेवायची आणि म्हणायचं, "माझ्यामागून म्हणा." मग पूजेला बसल्यासारखं एकेक ओळ. ही गोळी सकाळी. उपाशीपोटी. चहाच्या आधी. चहा म्हणजे बिस्किटसुद्धा. गिऱ्हाईक मराठी असो, गुजराती असो, उत्तर प्रदेशातला रिक्षावाला असो, म्हटल्याशिवाय सुटका नाही. भाषा ते बदलत, सूर तोच. रांगेतल्या जुन्या लोकांना हे सगळं इतकं पाठ झालं होतं की एखादा नवखा "खाने के बाद" म्हणाला की मागून तीन-चार आवाज एकदम यायचे, "पहले, भैया, पहले."

"अंकल, गॅस की गोली दो," असं कुणी म्हटलं की ते गोळी देण्याऐवजी स्टूल पुढे सरकवत.

"कब से है?"

"है तो बहुत दिन से."

"और गोली कब से खाता है?"

"वो भी बहुत दिन से."

"तो फिर गोली का क्या फायदा? बैठ."

मग तो बसायचा. वजन कमी झालंय का, गिळताना अडकतं का, काळं होतं का, गुडघ्यासाठी दुसरी कुठली गोळी चालू आहे का. बहुतेक वेळा ती दुसरी गोळीच गुन्हेगार निघायची. कधी कधी ते काहीच न विकता चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव लिहून माणसाला पाठवून द्यायचे. शेजारच्या दुकानात काही न विचारता सगळं मिळायचं, त्यामुळे घाईतली गिऱ्हाइकं तिकडे जायची. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. "तिकडे घाई आहे, इकडे चौकशी आहे. लोकांना दोन्ही लागतं," असं ते म्हणत.

लिव्हर टॉनिक मात्र त्यांनी कधी विकलं नाही. कुणी मागितलं तर म्हणायचे, "लिव्हर थोरल्या सुनेसारखं असतं. सगळ्या घराचं करतं, बोलत नाही. बोलायला लागलं की समजा, फार दिवस झाले. तिला टॉनिक देऊन काय होणार? तिचं काम कमी करा."

आमचा त्यांच्याशी संबंध आला तो याच थोरल्या सुनेमुळे. वडिलांच्या एका जुन्या ऑपरेशनच्या वेळी त्यांना रक्त दिलं होतं. त्यातून शिरलेली कावीळ वर्षानुवर्षं गुपचूप आत बसून राहिली, आणि निवृत्तीनंतर परळची खोली विकून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा तिने तोंड दाखवलं. पायांना सूज, पोटात पाणी, अन्नावरची वासना गेलेली. लिव्हर खराब म्हटल्यावर लोक एकच अर्थ काढतात. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात उसाचा रससुद्धा संशयाने प्यायला, त्याच्याकडे लोक एका विशिष्ट नजरेने बघायला लागले. गॅलरीवाल्यांनी तर रांगेत उभं राहून विचारलंच.

"लिव्हर म्हणजे गुरुजी... पूर्वी घ्यायचे वाटतं?"

काउंटरमागून उत्तर आलं, "घ्यायचे ना. मुलांची परीक्षा. तुम्ही काय घेता?"

गॅलरीवाले खोकल्याची बाटली घेऊन निघून गेले. वडील त्या दिवसापासून त्या दुकानाचे झाले. ते त्यांना 'वैद्यबुवा' म्हणत, थोडं चेष्टेने, पण हाकेत माया असायची.

डॉक्टरांनी आम्हाला आजार व्यवस्थित समजावून दिला होता. लिव्हर काम करेनासं झालं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोचते. झोप उलटीपालटी होते, माणूस विसरतो, बरळतो, कधी शुद्ध जाते. आई ते ऐकून आली आणि त्या रात्री जेवलीच नाही. वडील मात्र जेवले आणि मला एकटीला म्हणाले, "बाकी काहीही होऊ दे. पण मला वेडंवाकडं बोलताना तुझ्या आईने पाहू नये." त्यांनी परत तो विषय काढला नाही. माझ्या मनात मात्र तो रोज असायचा. चाळीस वर्षं मुलांच्या वाक्यातल्या चुका काढलेला माणूस. त्याला मरणाची भीती नव्हती, त्याला आपलं वाक्य मोडण्याची भीती होती.

मी हे वैद्यबुवांना सांगितलं नव्हतं. पण त्यांनी ते ओळखलं असावं. लिव्हरच्या प्रत्येक रोग्यासाठी त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. एका गुजराती आजोबांना ते दिवाळीच्या फराळाचे जिन्नस क्रमाने विचारत. एका आजींना नातवंडांची नावं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. माणसाला झोपेतही येतं तेच विचारायचं, हा त्यांचा नियम. ते अडखळलं की समजायचं, आत काहीतरी अडखळलंय.

वडिलांना त्यांनी विचारलं, "गुरुजी, दीडकी येते?"

"येते का म्हणजे?" वडील म्हणाले. जुन्या शाळेत एकाच्या, दोनाच्या पाढ्यांबरोबर पाव, अर्धा, दीड यांचेही पाढे घोकून घेत. आमच्या पिढीला ते नुसते ऐकून माहीत. वडिलांनी काउंटरवर दोन बोटांनी ठेका धरला आणि सुरू केलं. एक दीड दीड. बे दीडे तीन. तीन दीडे साडेचार. चार दीडे सहा. रांगेतल्या लोकांनी कौतुकाने ऐकलं. वैद्यबुवा डोळे मिटून मान डोलावत होते. दहाव्या ओळीला म्हणाले, "शाबास. पिशवी घ्या."

त्यानंतर तो रिवाजच झाला. आधी कोपऱ्यातल्या काट्यावर वजन, पोटातलं पाणी वाढतंय का ते कळायला. मग दीडकी. मग "माझ्यामागून म्हणा." पाण्याची गोळी सकाळी. पापड-लोणचं नाही. अंगदुखीवर मनाने काही नाही. आणि एक गोड, चिकट पातळ औषध, रोज, पोट दोन-तीनदा मऊ साफ होईल इतकं. वडील शाळकरी मुलासारखे म्हणायचे आणि मग मला डोळा घालायचे.

मे महिन्यात साताऱ्याकडे आमच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न निघालं. मला परीक्षांमुळे रजा नव्हती, आई आणि वडील दोघंच बसने गेले. आठवड्याने परत आले तेव्हा वडील दमलेले वाटले. दिवसा झोपायचे, रात्री घरभर फिरायचे. एकदा चष्मा चहाच्या डब्यात सापडला. आईवर चिडले, आणि ते चिडणारे नव्हते. आई म्हणाली प्रवास बाधला. लग्नघरात कुणीतरी दिलेली झोपेची गोळी तिने रात्री दिली होती, त्यामुळे त्यांना जरा बरं वाटलं होतं. गोळ्या संपल्या म्हणून ती संध्याकाळी दुकानात निघाली. मी म्हटलं, त्यांनाही घेऊन जाऊ, वजन करायचं राहिलंय.

दुकानात संध्याकाळची गर्दी होती. आईने गोळीची रिकामी पट्टी पुढे केली. वैद्यबुवांनी ती उलटसुलट करून पाहिली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि पट्टी खिशात घातली.

"गुरुजी, दीडकी."

वडिलांनी ठेका धरला नाही. "एक दीड दीड," ते म्हणाले. "बे दीडे तीन. तीन दीडे साडेचार. चार दीडे... साडेचार. चार दीडे..." ते थांबले. पुन्हा म्हणाले, "चार दीडे." मग एकदम आवाज चढवून, "मला पोरासारखं काय विचारता सारखं?"

आईने पदर तोंडाशी नेला. तिने ते पाहिलं होतं, जे तिने पाहू नये असं त्यांना वाटत होतं.

वैद्यबुवा काउंटरची फळी उचलून बाहेर आले. "बरोबर आहे गुरुजी, चुकलंच माझं. आता असं करा, हात पुढे. ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो ना, तसे." वडिलांनी हात पुढे धरले. मनगटं थरथरली आणि पंजे पक्ष्याच्या पंखांसारखे पुढे पडायला लागले, परत वर आले, परत पडले. त्यांनी ते पंजे आपल्या दोन्ही हातात धरले आणि आईकडे वळून, पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात विचारलं, "वहिनी, ते गोड औषध चालू आहे ना?"

आई म्हणाली, "बसमध्ये पंचाईत नको, म्हणून आम्ही दोघांनी ठरवून बंद केलं होतं. तिकडे मांडवात तरी माणूस किती वेळा उठणार? आल्यावरही पोट नरमच होतं, म्हटलं राहू दे थोडे दिवस."

मला तेव्हा कुठे कळलं. घरात कुणीही हेच केलं असतं. परक्या गावात, सोयऱ्यांच्या घरी, एका संडासापुढे रांग, आणि आपला माणूस सारखा जातोय, ही लाज आमच्यासारख्यांना आजारापेक्षा मोठी वाटते.

त्यांनी शटर अर्धं ओढलं. रांगेतला एक मुलगा म्हणाला, "अंकल, मेरा तो देके जाओ."

"तेरा गॅस है. कल तक कहीं नहीं जाएगा."

रिक्षात ते पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लटकत बसले. हॉस्पिटलमध्ये त्यांनी डॉक्टरांना दोनच गोष्टी सांगितल्या. पातळ औषध इतके दिवस बंद आहे, आणि लिव्हरच्या रोग्याने घेऊच नये ती ही झोपेची गोळी पोटात गेली आहे. पट्टी त्यांच्या हातात ठेवली. डॉक्टरांनी लगेच काय करायचं ते केलं, आणि जाताना वैद्यबुवांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वेळेत आणलंत. तुम्ही सांगितलं नसतंत तर एवढं कळायला मला रात्र लागली असती." दोघंही आपापल्या कामाला लागले. मला तेव्हाही ते आवडलं होतं. कुणी कुणावर मोठेपणा गाजवला नव्हता.

वऱ्हांड्यातल्या बाकावर आई रडत होती. मीच केलं म्हणत होती. वैद्यबुवा तिच्याशेजारी बसले.

"वहिनी, ही चूक तुमची नाही. माझी आहे."

"तुमची कशी?"

"मी तुमच्याकडून पाठ काय करून घेतलं? कधी घ्यायचं आणि किती घ्यायचं. कशासाठी, ते कधी म्हणवून घेतलंच नाही. तुम्हाला वाटलं हे पोट साफ करायचं औषध. पोट साफ झालं, बंद केलंत. चुकलं काय तुमचं? ते पोटाचं नाहीच, डोक्याचं आहे. घाण डोक्यात जाण्याआधी खालून काढायचं. हे मी सांगायला पाहिजे होतं."

मग तिथे, त्या बाकावर, ते म्हणाले, "म्हणा माझ्यामागून." आणि आईने डोळे पुसत म्हटलं, "हे डोक्यासाठी."

तिसऱ्या दिवशी वडील उठून बसले. संध्याकाळी वैद्यबुवा दुकानातून परस्पर आले आणि पलंगाच्या कडेला उभे राहिले. "गुरुजी, होऊन जाऊ दे."

वडिलांनी चादरीवर ठेका धरला. आवाज बारीक, पण चाल पक्की. पाच दीडे साडेसात. सहा दीडे नऊ. सात दीडे साडेअकरा. आठ दीडे बारा. दहापर्यंत गेले आणि थांबले.

"शाबास," वैद्यबुवा म्हणाले.

"शाबास काय? सात दीडे साडेदहा. मी मुद्दाम चुकलो." वडिलांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी वर्गातलं हसू आलं. "वैद्यबुवा, तुम्हाला दीडकी येत नाही."

ते ओशाळले. "मिशनच्या शाळेत शिकलो हो. आम्हाला कुठली दीडकी?"

"मग इतके दिवस काय ऐकत होता?"

"चाल. आकडे नाही कळत मला, चाल कळते. त्या दिवशी चाल मोडली."

वडील उशीला टेकून सरळ बसले. मग म्हणाले, "वजन करायला येईन तेव्हा एकेक ओळ देतो. पाठ करून ठेवायची. म्हणा माझ्यामागून."

त्यानंतर दुकानात दोन बदल झाले. एक म्हणजे "माझ्यामागून म्हणा" संपताना एक प्रश्न वाढला, "कशासाठी?" त्याचं उत्तर आल्याशिवाय पिशवी सुटायची नाही. जवळच्या चेणे गावाहून एक बागायतदार यायचा, तिकडच्या जुन्या घराण्यातला. त्याच्या बायकोला कावीळ झाली होती. तो अंगदुखीच्या गोळ्या मागायला आला आणि विचारल्यावर म्हणाला, "माल घातलीय ना गल्यात. लांब व्हतेय, म्हंजे उतरतेच हाय." कावीळ उतरेल तशी गळ्यातली माळ लांबत जाते, असं तिकडे मानतात. आम्ही सगळे आता याला झापणार म्हणून ऐकत होतो. वैद्यबुवा म्हणाले, "माळ राहू दे, तिने काही बिघडत नाही. या गोळ्या कशासाठी?"

"अंग दुखतं तिचं."

"लिव्हर आजारी आहे तिचं, त्याच्या डोक्यावर हे ओझं नको. काविळीवर नाकात घालायला मुळी देतात, तीही नको. उद्या रक्त तपासून मला कागद दाखव. माळ आणि रक्त, दोन्ही एक सांगतायत का बघू."

"आनि नसंल सांगत तर?"

"तर डॉक्टर सांगेल ते खरं. गाडी आहे ना तुझ्याकडे?"

"हाय."

पुढे काही दिवसांनी त्या माणसाने आपल्या वाडीतली वांगी आणून काउंटरवर ओतली. वैद्यबुवांनी ती रांगेत वाटून टाकली. ॲसिडिटीवाल्यांना सोडून.

दुसरा बदल म्हणजे दुकानातल्या शिकवणीची दिशा फिरली. वडील काट्यावर उभे राहायचे, आणि काउंटरमागे एक टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा माणूस हात मागे बांधून म्हणायचा, "सात दीडे साडेदहा, आठ दीडे बारा." चुकला की वडील काट्यावरूनच म्हणायचे, "पहिल्यापासून." रांगेतली माणसं हसायची. त्यांचा खोळंबा व्हायचा, पण कुणी दुसऱ्या दुकानात गेलं नाही. वैद्यबुवा फार मंद विद्यार्थी होते. नवाच्या ओळीला दर वेळी अडकायचे. मला कधी कधी वाटायचं, ते मुद्दाम अडकतात. शिकवायला काही उरलं की गुरुजी परत येतील, असा त्यांचा हिशोब असावा.

आणि गुरुजी येत राहिले. आजार होता तिथेच होता, मधूनमधून पोटातलं पाणी काढावं लागायचं, पाय सुजायचे. पण त्या मे महिन्यानंतर त्यांचं वाक्य पुन्हा मोडलं नाही. आई कुठेही गेली तरी ते गोड औषध पर्समध्ये असायचं. पुण्याला बहिणीकडे गेली तर आधी फोन करून संडासाची चौकशी करायची, खणखणीत आवाजात. वडील म्हणायचे, "तुला वैद्यबुवांचा गुण लागला."

वडील गेले तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. दिवसकार्य आटोपल्यावर मी दुकानात गेले. नेहमीसारखी रांग होती. मी पुढे न जाता मागे उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली. कसं झालं, किती वाजता, कोण जवळ होतं, असं काही विचारलं नाही.

"लायब्ररी, शेवटपर्यंत नीट बोलत होते?"

"हो. शेवटच्या सकाळी डोळे मिटून पडले होते. आई उशाशी बसली होती. तिला म्हणाले, गॅसवर दूध आहे."

"होतं?"

"होतं. उतू जायला आलं होतं."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. "मग जमलं आपलं," ते म्हणाले. मग चष्मा घातला, हात मागे बांधले आणि माझ्याकडे न बघता, वर औषधांच्या खोक्यांकडे बघत सुरुवात केली. एक दीड दीड. बे दीडे तीन. चाल वडिलांची होती, जशीच्या तशी, तिसऱ्या ओळीनंतरचा तो बारीक थांबासुद्धा. नऊ दीडे साडेतेरा. ते अडकले नाहीत. दहा दीडे पंधरा.

"बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि खाली ठेवलेली पिशवी पुन्हा पोटाशी धरली. रांगेतली पहिली बाई पदर सावरून पुढे झाली.

"हं, बोला," ते म्हणाले. "ही गोळी कशासाठी?"